जुन्या गेम कार्ट्रिजवरचे चिवट स्टिकर आणि त्यांचा चिकटा कसा काढावा

माझ्या ड्रॉवरमध्ये एनईएसची, म्हणजे निन्टेंडोच्या जुन्या गेम कन्सोलची, एक करडी कार्ट्रिज आहे. तिच्या पाठीवर अंगठ्याचा ठसा आहे. ठसा माझाच, आणि आता तो कायमचा. त्या दिवशी मला फक्त किमतीचा एक जुना स्टिकर काढायचा होता. स्टिकर निघाला, चिकटा राहिला, आणि नेमकी समोर नेलपॉलिश रिमूव्हरची बाटली होती. कापूस भिजवून दोनदा फिरवला. चिकटा गेला, पण त्याच्याबरोबर प्लास्टिकचा खरखरीत पोतही गेला. वरचा थर इतका मऊ झाला की कार्ट्रिज उचलायला जिथे धरली तिथे अंगठा उमटला.

रिमूव्हरमधलं ॲसिटोन एबीएस प्लास्टिक, म्हणजे कार्ट्रिजचं कवच ज्याचं असतं ते, विरघळवतं, हे ज्ञान मला दहा मिनिटं उशिरा मिळालं. त्यानंतर बऱ्याच कार्ट्रिज हाताखालून गेल्या. कुणाला कॅसेट म्हणायची सवय असेल तर कॅसेट म्हणा, वस्तू तीच. त्या कामातून जे हाताला कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे.

१. आधी नुसतं बघा

कार्ट्रिज हातात आली की पहिल्यांदा नख घालायचा मोह होतो. तो आवरा. दिव्याखाली ती तिरकी धरा आणि स्टिकर कशावर बसलाय ते बघा. स्टिकर कसला आहे हा नंतरचा प्रश्न; खाली काय आहे यावर पुढची सगळी पद्धत ठरते.

खाली नुसतं प्लास्टिक असेल तर निम्मी काळजी मिटली. कार्ट्रिजचं कवच बहुतेक वेळा एबीएसचं असतं, आणि योग्य द्रव वापरला तर ते बरंच सोसतं. खाली छापील लेबल असेल तर मात्र सावध. लेबल म्हणजे शेवटी कागदच, फार तर वर चकाकीचा एक पातळ थर. पाणी, तेल आणि अल्कोहोल तिन्ही त्याचे वैरी. स्टिकर अर्धा प्लास्टिकवर आणि अर्धा लेबलवर असेल, तर तो पूर्णपणे लेबलवरच आहे असं समजून काम करा.

तिसरी जागा म्हणजे कवचाच्या दोन भागांमधली फट. भाड्याने गेम देणारी दुकानं कुणी आत हात घालू नये म्हणून तिथे सील चिकटवत. हा स्टिकर फुटणाऱ्या जातीचा असतो: ओढला की सलग न निघता टिकल्याटिकल्यांनी येतो. तो तसाच ठेवून कवच उघडायला गेलात तर कडेचं लेबलही फाटू शकतं. म्हणून आधी सील, मग स्क्रू.

बघता बघता आणखी एक गोष्ट ठरवा: हा स्टिकर काढायचाच आहे का? ‘विक्रीसाठी नाही’ अशा अर्थाचा मूळ कंपनीचा शिक्का किंवा स्टिकर असेल, तर तो राहू द्या. संग्राहकांना तोच हवा असतो. भाड्याच्या दुकानाचे स्टिकर जपणारेही लोक आहेत. मी काढते, पण काढण्याआधी एक फोटो घेते. लेबलवर आधीपासूनचा ओरखडा कुठला आणि आपण केलेला कुठला, हे नंतर त्या फोटोवरूनच कळतं.

२. सामान जमवा

- हेअर ड्रायर
- जुनं प्लास्टिकचं कार्ड, एका कडेला गोलसर घासून घेतलेलं. किंवा प्लास्टिकचं पातं
- लायटर फ्लुइड, म्हणजे वातीच्या लायटरमध्ये भरतात ते नॅफ्था
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, शक्यतो ९० टक्के किंवा त्याहून जास्त तीव्रतेचं
- इअरबड, भरपूर. तुम्हाला वाटतात त्याच्या तिप्पट
- मऊ कापड, टूथपिक, पॅकिंगची चिकटपट्टी
- भांडी घासायचं साधं द्रव साबण
- नायट्राइलचे हातमोजे
- ३.८ मिमीचा गेमबिट, म्हणजे कार्ट्रिजच्या खास स्क्रूंसाठीचं स्क्रूड्रायव्हरचं टोक (कार्ट्रिज उघडणार असाल तरच)

यादीत नसलेल्या गोष्टीही लक्षात घ्या, कारण घरात हाताशी नेमक्या त्याच असतात. ॲसिटोनची गोष्ट सांगून झाली. ‘ॲसिटोन नसलेला’ रिमूव्हर चालेल असं वाटतं, पण त्यात बहुधा एथिल ॲसिटेट असतं आणि तेही एबीएसला खातं. रंगाचा थिनर तर अजिबात नको. संत्र्याच्या सालीच्या तेलावर चालणारे, छान वासाचे स्टिकर-रिमूव्हर मिळतात. त्यातलं लिमोनिन पॉलिस्टायरिन विरघळवतं, आणि एबीएसमधला ‘एस’ म्हणजे स्टायरिनच. क्षणभर लावून लगेच पुसलं तर सहसा काही होत नाही. पण ‘लावून पंधरा मिनिटं ठेवा’ असं बाटलीवर लिहिलेलं असेल तर ते काचेच्या बरणीसाठी आहे, आपल्यासाठी नाही.

डाग घासायचा तो पांढरा मेलामाइन स्पंज दिसतो गरीब, पण मुळात तो अतिशय बारीक सँडपेपर आहे. गुळगुळीत प्लास्टिकची चमक घालवतो आणि लेबलवर फिरवला तर छपाईच घेऊन जातो.

३. उघडायची की नाही

स्टिकर छोटा असेल तर उघडू नका. पुढे-मागे सगळीकडे चिकटा पसरलेला असेल आणि कवच साबणाने धुवायचं असेल, तर मात्र आतलं सर्किट बोर्ड बाहेर काढणं भाग आहे.

एनईएस, एसएनईएस, एन६४ आणि मूळ गेम बॉय या निन्टेंडोच्या जुन्या कन्सोलांच्या कार्ट्रिजला ३.८ मिमीचा गेमबिट लागतो. एनईएसच्या अगदी सुरुवातीच्या कार्ट्रिजना साधे चपटे स्क्रू होते, पाच. गेम बॉय ॲडव्हान्सला तीन पाकळ्यांचा बिट लागतो. पेनाची नळी तापवून स्क्रूवर दाबायची आणि थंड झाल्यावर तिनेच स्क्रू फिरवायचा, ही युक्ती तुम्हाला कुणीतरी सांगेलच. एखाददुसऱ्या वेळी जमते. न जमल्यास वितळलेलं प्लास्टिक भोकात अडकतं आणि मग खरा बिट आणला तरी तो आत जात नाही.

बोर्ड काढल्यावर त्यावर नाण्यासारखी बॅटरी दिसली, तर त्या गेममध्ये कुणाचं तरी सेव्ह केलेलं आयुष्य पडलेलं आहे. एनईएस-एसएनईएसमध्ये ही बॅटरी बहुधा सीआर२०३२ असते आणि ती मेमरीला सतत वीज पुरवत असते. असा बोर्ड धातूच्या ताटलीत किंवा स्क्रूंच्या ढिगावर ठेवू नका. खालची टोकं एकमेकांना जोडली गेली तर सेव्ह पुसलं जाईल. कोऱ्या कागदावर बाजूला ठेवा.

४. ऊब द्या आणि सावकाश सोला

स्टिकरचा गोंद हा अर्धवट घट्ट, अर्धवट वाहता पदार्थ असतो. झटका दिला की तो घट्टासारखा वागतो, कागद फाटतो आणि गोंद मागे राहतो. हळू ओढलं की त्याला वाहायला वेळ मिळतो आणि तो कागदाबरोबर निघून येतो. तापवलं की आणखी मऊ होतो. या पायरीचं सगळं शास्त्र एवढंच.

ड्रायर मध्यम उष्णतेवर ठेवा, वीतभर अंतरावर धरा आणि हलवत राहा. तीस-चाळीस सेकंदांनी बोटाने चाचपून बघा. कार्ट्रिज कोमट लागली पाहिजे. चटका बसत असेल तर तुम्ही जास्त तापवलीत. एबीएस साधारण १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, पण पातळ कडा त्याआधीच वाकायला लागू शकतात. रंग उतरवायची हीट गन तर लांबच ठेवा.

आता एक कोपरा नखाने किंवा टूथपिकने उचला. कोपरा हातात आला की स्टिकर वर ओढू नका. त्याला त्याच्याच पाठीवरून मागे दुमडा, जवळजवळ पृष्ठभागाला समांतर, आणि मिलिमीटर-मिलिमीटरने मागे न्या. वर खेचलात की सगळा जोर एका ओळीवर येतो आणि खाली लेबल असेल तर तेही सोबत उचललं जातं. मध्येच अडलं तर थांबा, पुन्हा ऊब द्या. घाई झाली की चहा करून या.

स्टिकर खूप जुना असेल तर ऊब उपयोगी पडत नाही. रबरी गोंद वर्षानुवर्षं हवेत राहून पिवळा आणि कडक होतो, त्याचा खडा बनतो. तो पुन्हा वितळत नाही. तिथे द्रवच लागतो.

काही जण कार्ट्रिज फ्रीजरमध्ये ठेवायला सांगतात, म्हणजे गोंद ठिसूळ होऊन तुटतो. च्युइंगगमसाठी हे खरं आहे. पण बाहेर काढल्यावर थंड बोर्डावर आणि लेबलवर दव धरतं, म्हणून मी त्या वाटेला जात नाही.

५. प्लास्टिकवरचा चिकटा

कागद गेला, चिकटा राहिला. आधी कोरडा उपाय: पॅकिंगची चिकटपट्टी त्यावर दाबा आणि पटकन उचला. पुन्हा दाबा, पुन्हा उचला. ताजा, मऊ चिकटा पट्टीला लागून येतो. बोटाच्या टोकाने गोल गोल घासून त्याच्या वळकट्या करणंही चालतं. खोडरबरानेही निघतो, पण तो पांढरा, मऊ खोडरबर हवा. शाई खोडायचा खरबरीत नको.

एवढ्याने नाही भागलं तर इअरबडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. पहिला थेंब मागच्या बाजूला, खाली, कुणाला न दिसणाऱ्या जागी लावून बघा. मिनिटभर थांबा. बडवर कवचाचा रंग आला किंवा जागा चिकट झाली तर तिथेच थांबा. साध्या करड्या किंवा काळ्या कवचाला सहसा काही होत नाही. वरून रंग दिलेल्या किंवा सोनेरी झाक असलेल्या कवचाचा मात्र रंग उतरू शकतो.

अल्कोहोलला दाद न देणाऱ्या रबरी गोंदासाठी लायटर फ्लुइड. बड ओला करा, चिकट्यावर ठेवा, वीस सेकंद तसाच दाबून धरा आणि मग प्लास्टिकच्या कार्डाने एका दिशेने सरकवा. मागेपुढे घासलंत तर विरघळलेला गोंद सगळीकडे पातळ पसरतो आणि मग सगळी कार्ट्रिजच चिकट लागते. नवशिक्यांची हमखास चूक हीच. प्रत्येक वेळी बडची कोरी बाजू घ्या, बड मळला की टाकून द्या. तिप्पट आणायला सांगितलं ते यासाठी.

लायटर फ्लुइडबद्दल एक गोष्ट ठळकपणे सांगते. ते खोलीच्या तापमानालाही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. खिडकी उघडी ठेवा, आसपास ज्योत, सिगारेट, शेगडी नको. आणि फ्लुइड लावल्यानंतर ड्रायर अजिबात चालू करायचा नाही. ड्रायरच्या आत लालभडक तार असते. ऊब द्यायची ती आधी; एकदा फ्लुइडची बाटली उघडली की ड्रायरचा प्लग काढून तो दुसऱ्या खोलीत ठेवायचा, हा माझा नियम आहे. भिजलेले बड घराबाहेर पसरून वाळवा आणि मगच कचऱ्यात टाका.

खाण्याचं तेलही चिकट्यावर चालतं. एक थेंब लावून अर्धा तास ठेवलं की बरेचसे गोंद सुटतात, आणि तेवढ्या वेळात तेलाने प्लास्टिकला सहसा इजा होत नाही. मग साबणाच्या पाण्याने तेल काढायचं. पण ते लेबलपर्यंत पोहोचलं तर कागदावर तेलकट डाग पडतो, आणि हा डाग वाळत नाही. म्हणून लेबल नसलेल्या, बोर्ड काढलेल्या मागच्या कवचावरच तेल लावा.

खरखरीत पोत असलेल्या कवचात चिकटा खळग्यांमध्ये बसतो. तिथे कार्ड काही करू शकत नाही. जुना मऊ टूथब्रश अल्कोहोलमध्ये बुडवून हलक्या हाताने गोल फिरवा आणि लगेच कापडाने टिपून घ्या. पुसू नका, टिपा.

६. लेबलवरचा स्टिकर

खरी परीक्षा इथे आहे, आणि इथे एकच द्रव मला भरवशाचा वाटतो: लायटर फ्लुइड. त्यात पाणी नसतं, म्हणून कागद फुगत नाही. छपाईची बहुतेक शाई त्याला दाद देत नाही. आणि ते मागे काही न ठेवता उडून जातं. अल्कोहोल इथे वापरू नका. काही शाया आणि चकाकीचे थर त्यात सुटतात. सौम्य अल्कोहोलमध्ये तर ३० टक्के पाणीही असतं. तरीही चाचणी हवीच. लेबलच्या खालच्या कोपऱ्यावर ओला बड टेकवा आणि बघा. बड रंगीत झाला तर थांबा. मग स्टिकर राहिला तरी चालेल.

आता एका कामाचं वर्णन करते. गेम बॉयच्या एका कार्ट्रिजवर, बरोबर गेमच्या नावावर, किमतीचा पिवळा पडलेला स्टिकर होता. बडने स्टिकरच्या पाठीवर फ्लुइड लावलं. कागद तेलकट पुड्याच्या कागदासारखा पारदर्शक झाला आणि त्याच्या आडून खालची अक्षरं दिसायला लागली. घाबरायचं नाही, वाळल्यावर हे जातं. कडेने आणखी दोन थेंब सोडले आणि नुसती वाट बघितली. मिनिटभराने एका कोपऱ्याखाली एक बारीकशी चंदेरी रेघ दिसली. फ्लुइड आत शिरलं की गोंद सुटलेल्या जागी ती तशी चमकते. त्या रेघेत टूथपिकचं चपटं केलेलं टोक सरकवलं, पुढे ढकललं नाही, फक्त तिथे धरलं आणि टोकाशी आणखी एक थेंब सोडला. रेघ पुढे सरकली, टूथपिक तिच्या मागे गेलं. दोन सेंटिमीटरच्या स्टिकरला चौदा मिनिटं लागली. शेवटी तो आपणहून तरंगत आला.

या गोष्टीतला कामाचा भाग असा: द्रवाने पुढे जायचं, काडीने मागून जायचं. काडी पुढे गेली की लेबल सोललं जातं.

स्टिकर निघाल्यावर लेबलवर चिकट्याचा पातळ थर उरतो. ओल्या बडने, एका दिशेने, न दाबता तो गोळा करा. दर दोन फेऱ्यांनंतर लेबल वाळू द्या, कारण ओल्या लेबलवर चिकटा दिसतच नाही. सगळं चकचकीतच दिसतं. वाळल्यावर तिरक्या प्रकाशात जिथे धूळ धरल्यासारखं दिसेल तिथे अजून चिकटा आहे.

लेबलच्या कडांवर लक्ष ठेवा. फ्लुइड स्टिकरचा गोंद सोडवतं तसा मूळ लेबलचाही सोडवू शकतं. कोपरा उचलला गेलाच तर हात लावू नका, पूर्ण वाळू द्या. गोंदात बहुधा पुन्हा पकड येते. मग वर कोरा कागद ठेवून एखाद्या जाड पुस्तकाखाली रात्रभर दाबून ठेवा.

आणि स्टिकरखाली लेबलचा कागद आधीच फाटलेला असेल तर? कुणीतरी पूर्वी नखाने सुरुवात करून अर्ध्यात सोडून दिलेलं असतं. तिथे छपाई स्टिकरच्या पोटाला चिकटलेली असते आणि स्टिकर काढला की तीही जाते. अशा वेळी निम्मा स्टिकर ठेवलेला बरा. स्केच पेनने पांढरा भाग रंगवायचा उद्योग करू नका. तो डोळ्यांत आणखी खुपतो.

७. मार्करने लिहिलेली नावं

स्टिकरच्या शेजारी बहुतेक वेळा कुणाचं तरी नाव किंवा आडनावाचं आद्याक्षर असतं. प्लास्टिकवर असेल तर अल्कोहोलने दोन-तीन फेऱ्यांत जातं. शाई पोतात मुरली असेल तर त्यावर पांढऱ्या फळ्याच्या मार्करने गिरवा आणि ओलं असतानाच पुसा. नव्या शाईतला द्रव जुनी शाई सैल करतो. लेबलवर असेल तर सोडून द्या. ज्याने मार्कर जाईल त्याने लेबलही जाईल.

८. स्टिकर गेला, सावली राहिली

सगळं स्वच्छ झालं आणि तरी चौकोन दिसतोय? चिकटा उरलेला नाही. आजूबाजूचं प्लास्टिक इतक्या वर्षांत पिवळं पडलंय आणि स्टिकरखालचं मूळ रंगाचं राहिलंय. ऊन, उष्णता आणि हवा यांनी एबीएस पिवळं पडतं. त्यात आग पसरू नये म्हणून घातलेली ब्रोमीनची संयुगं बऱ्याचदा भर घालतात. मी पहिल्यांदा असा चौकोन अर्धा तास घासला होता. तो घासून जाणार नाही, कारण मळलेला भाग उलट बाहेरचा आहे.

यावर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाश असा इलाज आहे. २००८ च्या सुमारास हौशी मंडळींनी तो शोधून ‘रेट्रोब्राइट’ असं नाव दिलं. पण त्यात कवच डागाडागांनी पांढरं पडू शकतं, पेरॉक्साइड त्वचा भाजतं, आणि लेबल झाकायचं म्हणजे वेगळीच कटकट. पहिल्या कार्ट्रिजवर याच्या वाटेला जाऊ नका. शेल्फवर पाठ भिंतीकडे करून ठेवली की सावली कुणाला दिसते?

९. जोडून बघण्याआधी

कवच साबणाने धुतलं असेल तर पूर्ण एक दिवस वाळू द्या, स्क्रूच्या भोकांतलं पाणी झटकून काढा. फ्लुइडचा वास येत असेल तोवर कार्ट्रिज बंद करू नका आणि कन्सोलमध्येही घालू नका.

बोर्ड बाहेर आहेच, तर कन्सोलला टेकणाऱ्या त्याच्या सोनेरी पट्ट्या साफ करून घ्या. ९० टक्क्यांवरच्या अल्कोहोलने बड ओलसर करा, ओला नको, आणि पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने ओढा. बड काळा येईल. कोरा येईपर्यंत चालू ठेवा, मग पाच मिनिटं थांबा. तोंडाने फुंकर मारायची जुनी सवय सोडा. थुंकीतला ओलावा त्या पट्ट्यांवरच बसतो.

स्क्रू बसवताना आधी उलटा फिरवा. बारीक ‘टक्’ असं जाणवलं की जुन्या आट्यात बसला. मग घट्ट करा. नाहीतर तो प्लास्टिकमध्ये नवा आटा पाडतो आणि दोन-तीन वेळा उघडलं की भोक सैल होतं. मागचा भाग आधी वरच्या आकड्यात अडकवा, मग मिटवा. एनईएसच्या तीन स्क्रूवाल्या कार्ट्रिजचे हे आकडे फार नाजूक असतात, आणि माझ्या त्या अंगठ्याच्या ठशाच्या कार्ट्रिजचा एक तुटलेलाही आहे. गेम मात्र पहिल्या झटक्यात चालू होतो.